झुलालआबांचा अ‍ॅम्प्लिफायर

सोनगीरचा हिलाल मिस्तरी बोलायला फटकळ, पण हाताला गुण असलेला. हायवेलगतच्या त्याच्या दुकानात धुळ्याहूनही रेडिओ-टेपचे सेट दुरुस्तीला यायचे. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात झुलालआबांची सून ताईबाई घरचा टेपवाला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आली. आवाज खरखरत होता. आबा अंथरुणाला खिळलेले, आणि जीव सगळा एका कॅसेटमध्ये. त्यांच्या वारलेल्या कारभारणीने, भिकुबाईने, म्हटलेली जात्यावरची गाणी होती तीत. हिलालने आतली धूळ झाडली नि वर दम भरला, "अक्का, रस्तानी धूळ शे ही. झाकी ठेवत जा!"

पंधरा दिवसांत सेट परत. आता तो दहा मिनिटांत आपोआप बंद पडे. आबांचं आवडतं गाणं कॅसेटच्या शेवटी, तिथवर पोहोचतच नसे. हिलालने झाकण उघडून दिवसभर वाजवला. कुठलं काय, एकदाही थांबला नाही! "बठ्ठं बराबर शे. तुमना घरनी लाईटच खराब." असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर तो ताईबाईवर खेकसलाच.

चौथ्यांदा ती आली नाही. आबांनी अन्न सोडल्याचं तेवढं कानावर आलं. हिलाल चरकला, सायकल काढून थेट त्यांच्या घरी गेला.

नुकताच बंद पडलेला सेट आबांच्या उशाशी होता. त्यावर जाड दुहेरी कापडाची खोळ, बारीक टाक्यांनी शिवलेली, बटणांपुरती भोकं ठेवून. बाईने त्याचा शब्द पाळला होता. खोळ उचलताना हिलालच्या बोटांना चटका बसला. कोंडलेल्या उष्णतेनेच सेट बंद पडत होता. दुकानात झाकण उघडं, तिथे तो तापणार कसा? शेंबड्या पोराला कळावी अशी गोष्ट! त्याला स्वतःची लाज वाटली.

सेट निवल्यावर त्याने कॅसेट लावली. भिकुबाई शेवटच्या गाण्यापर्यंत गायली. आबांचे डोळे मिटलेले, श्वास तेवढा चालू.

"भाऊ, आबाले ऐकू उनं व्हई का?" ताईबाईने विचारलं.

हिलालला हो म्हणवेना. "अक्का, सेट बिघडेल नव्हताच. चूक मनी शे," असं कबूल करता करता त्याला रडू फुटलं.

ताईबाईने बोल लावला नाही. "परत लावा," एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ते गाणं चारदा वाजलं. पाचव्यांदा हिलाल उठला, तेव्हा ताईबाईने आबांच्या नाकाशी धरलेला हात काढून घेतला आणि मानेनेच नको म्हटलं.