तीनशे एकेचाळिसावा दिवस

माझ्या थोरल्या जावेला कचरा बोटांनी कळतो. दुधाची पिशवी, खाऊच्या पुड्याचा चकचकीत कागद, आणि दिसायला अगदी तसाच पण भंगारात कुणीच घेत नाही असा दुसरा कागद, हे ती न बघता नुसतं चुरगाळून सांगते. कचरा निवडायच्या शेडमध्ये सगळ्या तिला थोरलीच म्हणतात. तिच्याहून वयाने मोठ्या दोघीतिघी आहेत, त्याही थोरलीच म्हणतात.

लग्नानंतर दोन वर्षांनी मी शेडमध्ये कामाला लागले. पहिल्या दिवशी पालिकेच्या कचेरीकडून जाड रबरी हातमोजे मिळाले. थोरलीने ते माझ्या हातातून काढून घेतले, कात्री आणली आणि अंगठा व शेजारच्या दोन बोटांची टोकं कापून टाकली. जाड रबरातून काही म्हणजे काही लागत नाही हाताला. पट्टा पुढे सरकत असतो, त्यावरचा कचरा थांबत नाही, आणि बोटं आंधळी झाली तर बाई दिवसभर नुसती उभी. बत्तीस जणींचे मोजे असेच कापलेले होते. सुपरवायझरला ते ठाऊक होतं. फोटो काढायला कुणी येणार असलं की तो कपाटातून अख्खे मोजे काढून द्यायचा आणि फोटो झाला की मोजून परत घ्यायचा.

शेडच्या आधी या सगळ्या बायका उघड्या डेपोवर कचरा वेचायच्या, कुत्र्यांशी आणि पहारेकऱ्यांशी भांडत. मग नवं धोरण आलं. डेपो बंद होणार, कचरा बंद गाडीतून येणार आणि वेगळा करायचं काम यंत्राला दिलं जाणार. बायकांचं काय, हे त्या धोरणात कुठेच नव्हतं. थोरलीने दोन वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी यंत्राऐवजी पट्टा आला, पट्ट्यावर या बायका आल्या आणि त्यांच्या गटाची अध्यक्ष म्हणून ती निवडून आली. माझे थोरले दीर तेव्हापासून घरात बोलायच्या आधी हात वर करतात. ती हसत नाही, पण त्यांना दुसरा चहा मात्र देते.

आता नियमाचं सांगते. तो वाईट मनाने केलेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. कचऱ्यातली सुई कुणाला टोचली तर लगेच कळवायचं. दोन दिवसांच्या आत दवाखान्यात लस आणि एक इंजेक्शन मिळतं. आणि जिला टोचली तिला सहा महिने, सगळ्या तपासण्या होईपर्यंत, पट्ट्यावर यायचं नाही. तिची काळजी म्हणून. त्या सहा महिन्यांत तिच्या घरची चूल कशी पेटेल, एवढं एकच वाक्य लिहायचं राहिलं होतं. कावीळ होऊ नये म्हणून आम्हाला लशीचे तीन डोस मिळणार होते. पहिला शेडच्या उद्घाटनाला मिळाला. दुसऱ्याच्या दिवशी फोटोवाला नव्हता, मग डॉक्टरही आले नाहीत. मी तर नंतर आलेली, मला पहिलाही नाही.

दाराशी एक फळा होता. त्यावर रोज आकडा बदलायचा, इजा न होता गेलेले दिवस. ज्या शेडचे तीनशे पासष्ट होतील तिला कचेरी न्हाणीघर बांधून देणार होती. गरम पाणी, चार मोऱ्या, आतून कडी लागणारी दारं. आमच्याकडे मागच्या अंगणात पत्र्याआड एक नळ होता. बसमध्ये आमच्या शेजारची जागा रिकामी राहायची, आणि पुढच्या थांब्यावर चढलेल्याला तिथे बसावंसं का वाटत नाही हे आम्हाला पाठ होतं. थोरलीची मुलगी शाळेच्या कार्यक्रमाला आईला बोलवायची नाही. थोरली म्हणायची, बरंच आहे, भाषणं ऐकायला कुणाला वेळ आहे. तिला ते न्हाणीघर हवं होतं. आम्हा सगळ्यांनाच हवं होतं.

फळ्यावर तीनशे एकेचाळीस होते त्या दिवशी मला सुई टोचली. कुठल्यातरी छोट्या दवाखान्याने आपला कचरा घरच्या कचऱ्यात ढकलला होता. हिरव्या पिशवीत कापसाचे बोळे होते, त्यातून ती अंगठ्यात शिरली. दुखलंही फार नाही. थोरली शेजारीच होती. तिने पट्टा थांबवला नाही, मला हाताला धरून नळावर नेलं, अंगठा दाबून दाबून रक्त काढलं आणि साबणाने धुतला. तिच्या हाताची सफाई बघूनच मला कळलं की हे तिने पुष्कळदा केलंय.

मी म्हणाले, "ताई, कळवायला पाहिजे ना?"

तिने नळ बंद करून पदराच्या टोकाने माझा अंगठा पुसला. मग म्हणाली, "चोवीस दिवस राहिलेत गं. मला चारदा टोचलीये. काही होत नाही."

मी मान हलवली. तिने जबरदस्ती केली असं मी कुठेच सांगणार नाही. दोन दिवस माझ्या हातात होते. दवाखाना बसच्या तिसऱ्या थांब्यावर होता आणि माझे पाय धडधाकट होते. पण घरी सहा महिने बसायचं आणि एकतीस जणींच्या हातातोंडाशी आलेलं न्हाणीघर काढून घ्यायचं, याची मला सुईपेक्षा जास्त भीती वाटली. दोन्ही संध्याकाळी थोरलीने माझ्या वाटणीचा स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी तिने, ताप वगैरे नाही ना, असं विचारलं. नाही म्हटल्यावर तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मलाच बरं वाटलं.

न्हाणीघर झालं. त्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पहिल्या दिवशी एकेक जण इतका वेळ आत राहिली की बाहेरच्यांनी दारं बडवली. थोरली शेवटी गेली. बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते. पुढच्या आठवड्यात ती मुलीच्या शाळेत गेली आणि मागच्या रांगेत बसून सगळी भाषणं ऐकून आली.

सुई टोचल्याला तीन महिने झाले आणि माझे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, हिपॅटायटिस बीची कावीळ, बहुतेकांची आपोआप जाते. माझी गेली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं तेव्हा कळलं की ती आता अंगातच राहणार. गोळी रोज, तपासणी दर काही महिन्यांनी. नवऱ्याला आणि मुलाला लस दिली. नवऱ्याने विचारलं, कुठून आली ही? मी म्हणाले, काय माहीत. त्यानंतर त्याने माझा पेला वेगळा ठेवला. तसं करायची गरज नसते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ठेवला. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. थोरलीवर राग यायला हवा होता, तोही आला नाही. पट्ट्यावर हात चालत राहिले, बोटांना सगळं कळत राहिलं, बाकी आत काही हलेना.

थोरलीला मी स्वतः सांगितलं, भाजी निवडता निवडता. ती निवडत राहिली. निवडलेली भाजी तिने देठांच्या ढिगात टाकली आणि पुन्हा सगळी वेचून काढली.

मग कचेरीने दहा शेडच्या अध्यक्षांना आमच्याकडे बोलावलं. फळ्यावर सहाशेच्या वर आकडा होता. साहेबांनी सक्षमीकरणावर छान भाषण केलं आणि थोरलीला म्हणाले, हे कसं जमवलंत ते तुमच्या भगिनींना सांगा. कपाटातले अख्खे मोजे आमच्या हातात होते.

थोरली उठली. तिने हातमोजे काढून खुर्चीवर ठेवले. "आमच्याकडे सुया टोचतात," ती म्हणाली. "आम्ही सांगत नाही. सांगितलं तर काम जातं. मी स्वतः लपवायला सांगितलं." एवढं बोलून ती खाली बसली.

साहेबांनी पाणी मागितलं. दुसऱ्या शेडच्या अध्यक्षांपैकी एकीनेही मान वर केली नाही, आणि ते बघून मला कळलं की दहाच्या दहा शेडच्या फळ्यांवरचे आकडे आमच्यासारखेच खोटे. सुपरवायझरने त्याच दुपारी फळा पुसून शून्य लिहिलं. बायकांमधल्या निम्म्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या. आता न्हाणीघराला कुलूप लावतील, असं म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला दवाखान्यात घेऊन गेली. कामावर झालेली इजा म्हणून नोंद झाली तर माझी औषधं आणि तपासण्या कचेरीकडून होणार होत्या. शेडमधल्या तिघी आमच्या आधीच बाकावर येऊन बसल्या होत्या. एकीच्या बोटाला कालचीच चिंधी होती. आम्हाला बघून त्यांनी जागा करून दिली.

नर्सने फॉर्म काढला. सुई कधी टोचली, कुठे टोचली. मग, वेळेवर का कळवलं नाही? थोरली म्हणाली, "लिहा, अध्यक्षांनी कळवू दिलं नाही."

नर्सने पेन थांबवलं. असं लिहिलं तर अध्यक्षपद जाईल, पट्ट्यावरचं कामही कायमचं जाईल, तसा नियम आहे, हे तिने सावकाश समजावून सांगितलं. तिला वाटलं आम्हाला माहीत नसेल. "अध्यक्ष कोण तुमच्या?" तिने मला विचारलं.

"ह्याच," मी म्हणाले. "माझ्या जाऊबाई."

नर्सने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि मजकूर लिहून फॉर्म माझ्यापुढे सरकवला. हे खरं असेल तर पेशंटने सही करायची. त्या सहीवर सगळं अवलंबून होतं. थोरलीने पेन उचलून माझ्या हातात दिलं आणि कागद हलू नये म्हणून त्याची कड बोटांनी दाबून धरली. काम गेलं तर त्या बोटांनी पुढे काय करायचं ते मला कळेना. खरं तर ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

मी सही केली.