मास्तरांच्या मापाची मोटार

मोटार विकायची आहे, हे मास्तरांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. ती त्यांना विकायची नाही, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. सगळा जन्म लोकांच्या पँटी आखूड करण्यात आणि कमरा सैल करण्यात गेलेला. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे पडद्यांची मापं घ्यायला म्हणून गेले आणि टेम्पोत एक गंजकं धूड घालून परत आले. दोन माणसांची, दुमडत्या कापडी टपाची विलायती मोटार. वयाने त्यांच्या संसारापेक्षा थोरली.

"आणि पडदे?" बायकोने एवढंच विचारलं.

इंजिन एका मेकॅनिक मित्राने बघितलं, पत्रा बाहेरून ठोकून आणला. पण गाद्या, टप, दारांच्या आतलं अस्तर हे सगळं मास्तरांच्या हातचं. कैक वर्षं जेवणाच्या टेबलावर चामडं पसरलेलं आणि घरची माणसं ताटं मांडीवर घेऊन बसलेली. शेवटी गाडी अशी झाली, की बघणारा टपाच्या शिवणीवरून बोट फिरवल्याशिवाय हलायचा नाही. मग दर रविवारी दोघं फिरायला निघत. ते चालवत आणि बायको शेजारी डोक्याला स्कार्फ बांधून "सावकाश" म्हणत राही.

आणि मास्तरांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसे, बाजूचं मिटत चाललेलं. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बायकोला गाडी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. उभी गाडी सडते हे मास्तरांना कुणी सांगायला नको. गंज खरवडताना बोटं त्यांचीच सोलली होती. म्हणून जाहिरात दिली. अट एकच, घेणाऱ्याने ती चालवली पाहिजे.

पहिला आला एक हॉटेलवाला. त्याला ती दारात शोभेला ठेवायची होती. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. पुढचे बरे होते, पण आत बसले की अडकत. गुडघे स्टिअरिंगला लागत, कोपरं दाराला.

याचं कारण मास्तरच. ड्रायव्हरच्या सीटखालचे सरकते रूळ गंजले होते, ते त्यांनी काढूनच टाकले होते. मग स्वतःच्या पायाचं, मांडीचं, पाठीचं माप घेतलं आणि सीट त्या मापावर बोल्ट मारून पक्की केली. मास्तर दाराच्या कडीला जेमतेम पुरणारे. शिंप्याला गिऱ्हाईक डोळ्यांपुढे असल्याशिवाय काही करता येत नाही, आणि इथे गिऱ्हाईक ते स्वतःच होते. पण लहान पोराच्या चड्डीतसुद्धा आत चार बोटं कापड राखणाऱ्या माणसाने इथे कणभरही मार्जिन सोडलं नव्हतं.

मग पोहायला शिकवणारी एक बाई आली. ताडमाड उंच. तिला बघून बायको म्हणाली, "ही तर बसायच्या आधीच अडकायची."

"टप गळतो का, काका?" बाईने विचारलं.

"माझी शिवण गळत नाही."

"मग बरं. रोज तलावावर नेईन म्हणते. ओल्या केसांनी बसले तर चालेल ना?"

मास्तरांचा चेहरा उतरला. बायकोला मात्र ती तिथेच आवडली.

बाई आत बसली आणि गुडघे हनुवटीला आले. "सीट मागे कशी घ्यायची?"

"ती मागे जात नाही."

"का?"

मास्तर फाटकाकडे बघू लागले. "कारण यांना गाडी द्यायची नाहीये," बायको म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस."

"अहो, अख्ख्या गावाच्या कमरा सैल केल्यात. जाडा झालास म्हणून कुणाला परत धाडलंत का कधी? आता हिची तेवढी सोय करा. का हिचेच पाय आखूड करणार आहात?"

"तळाला नवी भोकं पाडावी लागतील."

"पाडा."

"गादी मागून उसवावी लागेल."

"उसवा. तुमचीच शिवण आहे, तुम्हाला काय परकी आहे?"

दुकान बंद होऊन इतके दिवस झाले तरी टेप मास्तरांच्या गळ्यातच असे. तो त्यांनी काढला. "उतरा, पाय सरळ करा," ते बाईला म्हणाले, आणि वाकून माप घेऊ लागले. मग म्हणाले, "सरकते रूळच टाकतो. तुमच्यानंतर कुणी माझ्यासारखा आला तर अडायला नको. गुरुवारी ट्रायलला या."

गुरुवारी बाईचे पाय ऐसपैस मावले. मास्तर टोपी घालून तयार होते. बघतात तो बायको स्कार्फ बांधून शेजारच्या सीटवर केव्हाच बसलेली.

"ही सीट माझी आहे, ती कुठे विकलीत? तुम्ही फाटक धरा."

मास्तरांनी फाटक धरलं. गाडी बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की ही गाडी चालताना आपण कधी बघितलीच नाही. कायम आत बसलो. आता ती सरळ समोरच्या रस्त्याने चालली होती, म्हणून पार वळणापर्यंत नीट दिसली. मागची चकचकीत पाठ, दुमडलेला टप आणि वाऱ्यावर उडणारं स्कार्फचं टोक.

गाडी परत येऊन उभी राहिली. "उतरू का मी? येताय तुम्ही?" बायकोने विचारलं.

"नको, बस तू," मास्तर म्हणाले. "आणखी एक फेरी मारून या. या खेपेला टप लावून. तो कसा दिसतो बघू दे."