रहेमतबीने रंगवलेली भिंत

युसूफ वडगाव या गावात बाजाराच्या मागच्या गल्लीत रहेमतबीचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे. नवरा इसाक रंगारी. त्याच्या बरोबरीने ती भिंती खरवडायची, पुट्टी भरायची. रंगकामाच्या धुळीने इसाकची छाती भरली आणि त्याला काम झेपेनासं झालं, तेव्हापासून ती एकटीच कामं घेऊ लागली. गल्लीतल्या बायका आधी हसल्या, मग आपापल्या घरच्या भिंती तिला दाखवू लागल्या.

गेल्या उन्हाळ्यात लेक शाईस्ता बाळंतपणाला यायची होती. रहेमतबीने तिच्यासाठी मागची खोली रंगवायला काढली. भिंत दगडमातीची, वर सासऱ्याच्या काळातला चुन्याचा गिलावा. कुठे फुगलेला, कुठे खड्डे पडलेला. सगळा पाडून नवा करणं झेपणारं नव्हतं. तिने थापीच्या दांड्याने भिंत ठोकत नेली. जिथे पोकळ आवाज आला तेवढाच गिलावा पाडला, पाणी मारलं, चाळलेल्या वाळूचा कालवलेला माल भरला. तो वाळल्यावर कुणाच्या तरी कामातून उरलेली पुट्टी ओढली. मग दार लावून घेऊन बॅटरी भिंतीला टेकवून धरली. असा आडवा उजेड पडला की उंचवट्यांच्या सावल्या दिसतात. तेवढं घासलं की भिंत सपाट.

भिंत सपाट झाली. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी तिने पुन्हा बॅटरी धरली, तर कमरेएवढ्या उंचीवर एक लांबट सावली पडली. काल ती तिथे नव्हती.

तिने ती जागा घासली. पुढच्या सकाळी फुगवटा परत आला होता, त्याच्याखाली केसासारखी चीर होती आणि झाडलेल्या फरशीवर पिवळी माती सांडलेली होती. चीर वाढतेय का ते बघायला रहेमतबीने तिच्यावर कणकेच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवली. संध्याकाळपर्यंत पट्टी मधोमध फाटली.

भिंतीच्या पलीकडे बजरंगच्या नव्या दुकानाचा पाया खणणं चालू होतं. ती त्याच्याकडे गेली. बजरंग वाईट माणूस नव्हता. त्याने चाची म्हणून खुर्ची दिली, चहा सांगितला, मधे सोडलेली वीतभर जागा दाखवली. जुन्या घरांना चिरा पडायच्याच, असं त्याने समजावलं. इसाकचंही म्हणणं तेच. जावयाकडची माणसं येणार, उघडी भिंत बरी दिसत नाही, बुजव आणि रंग मार, असं तो खोकत खोकत सांगत राहिला.

तिने बुजवली. वर फिकट पिस्ता रंग दिला. तिच्या हातून इतकी सरळ भिंत क्वचितच झाली असेल. शाईस्ता आली, तिची खाट भिंतीला लावली, पाहुण्यांनी भिंतीवरून हात फिरवून वाखाणणी केली.

पाहुणे गेल्यावर भर दुपारी लेकीच्या उशाशी बसलेली असताना तिला भिंतीच्या आत माती झरल्याचा आवाज आला. फाटक्या पोत्यातून ज्वारी गळावी तसा. थांबला, पुन्हा सुरू झाला. तिने इसाकला बोलावलं. त्याने भिंतीकडे बोट केलं.

"कुठं हाय चीर? दाव मला."

"म्या बुजवली म्हणून दिसत न्हाई. आत हाय ती."

तो परत फिरला. आपल्याच हाताने आपण हे झाकून ठेवलं, आता कुणालाच दिसणार नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तिने शाईस्ताला उठवून बाहेर बसवलं, खाट ओढली आणि हातोडा घेतला.

"अम्मी, आताच तर रंग दिलाय," शाईस्ता दारातून म्हणाली.

पिस्ता रंगाचे खपले पडू लागले. आवाज ऐकून इसाक रागाने ओरडत आला आणि दारातच थांबला. गिलाव्यामागची माती वाहून गेली होती. दगड नुसते एकमेकांवर टेकलेले. मधे मुठीएवढी फट, आणि तिच्यातून पलीकडच्या खड्ड्यातल्या मजुरांचं बोलणं अगदी जवळून ऐकू येत होतं.

रहेमतबीने फटीला तोंड लावलं.

"वर निघा. भिंत चाललीय."

बजरंगने येऊन फटीतून पाहिलं. मग बाहेर जाऊन त्याने माणसं वर काढली. दुसऱ्या दिवशी भिंत अर्धे पत्रे घेऊन त्या खड्ड्यात गेली. तेव्हा आत कुणी नव्हतं.

शाईस्ता नांदूरघाटला धाकट्या बहिणीकडे, जिनतकडे बाळंत झाली. बजरंगने स्वतः होऊन विटांची भिंत बांधून दिली, ओळंब्यात सरळ, वर सिमेंटचा गिलावा. रहेमतबीने तिला अजून रंग दिलेला नाही. इसाकने विचारलं की भिंत अजून वाळली न्हाई, एवढंच म्हणते. नातीला घेऊन शाईस्ता येते तेव्हा पाळणा पुढच्या खोलीत, दारालगत टांगतात.