वारा सरला का?

आम्ही जुन्या सिस्टर्स एकत्र जमलो की सुना, गुडघे, नातवंडं असं होता होता गाडी वॉर्डावर येतेच. आणि वॉर्ड म्हटला की फ्लेटस!

सत्तरच्या दशकात मी नागपुरात सर्जरी वॉर्डाला होते. पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी झोपतात. ती जागी झाली की पेशंटचा वारा सरतो, तोच हा फ्लेटस. तोवर पाण्याचा थेंबही नाही. राउंडला मोठ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असायचा.

*

एक रिटायर्ड हेडमास्तर होते. विचारलं की मान हलवून नाही म्हणायचे. ओठ पार सुकलेले. शेवटी कुणी नाही बघून मला म्हणाले, "कालच झालं, सिस्टर."

"मग सांगितलं काहून नाही, सर?"

"तो डॉक्टर माझ्या वर्गात होता ना!"

*

मौद्याच्या एका आजीने अख्ख्या वॉर्डात संत्रा बर्फी वाटली.

"कायची वं आजी?"

"आमच्या बुढ्याचा वारा सरला!"

सगळ्यांचं तोंड गोड झालं. आजोबांना मिळालं चमचाभर पाणी!

*

आता हसतो, पण वारा सरत नसला की वॉर्डात कुणी हसत नसे.

उमरेडचा एक तरणाताठा विणकर होता. आतड्याला पीळ पडून ऑपरेशन झालेलं, पोट फुगलेलं. बायको उशाशी, तिचा सासरा पायाशी. सासऱ्यापुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. मी जेवायचा आग्रह केला तेव्हा एवढंच कुजबुजली, "यायले बरं वाटल्याबिगर मी घास नाही घेत." हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक झालं. मला तिची फार काळजी वाटायची.

त्या सकाळी पेशंट इंजेक्शनने झोपलेला. डॉक्टरांनी सासऱ्याला विचारलं, "वारा सरला का गा? नाही तर आज पुन्हा पोट उघडावं लागेल."

"मले नाही मालूम, साहेब. मी रातभर बाहेर व्हरांड्यात होतो." म्हाताऱ्याने डोळ्यांना पंचा लावला.

"बाई, तुम्ही तर इथेच होत्या. सांगा!"

तिने सासऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी थिएटरला कळवायला वळले.

मागे डब्याचं झाकण वाजलं. भिंतीकडे तोंड करून, पदराआड, ती भाकर खात होती. रडत होती आणि खात होती.

डॉक्टरांनी पेशंटच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं.

"सिस्टर, याला चमचाभर पाणी द्या."