पाला झाडलेला डोंगर

लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. चुकलं तर माफ करा. पण ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती — परवा सरपंचांना फोनवर सांगितली, आणि आता तुम्हाला.

सोयगावजवळ आमचं गाव, गावामागं सागाचा डोंगर. संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजाचं श्रमदान शिबिर मीच तिथं नेलं. डोंगर स्वच्छ करायचा! अंगण झाडावं तसा आम्ही उतार झाडला, पाल्याचे ढीग करून जाळले. फोटो निघाले. माझं नाव झालं.

मग ऊन तापलं, कधी नव्हे एवढं. आणि पाऊस आला तो हल्ली येतो तसा — महिनाभराचा एका दुपारी. उघडी माती ओढ्याला गेली, झाडांची मुळं वर आली.

गावसभेत सगळं खापर डोंगरावर चरणाऱ्या रहीमचाचांच्या शेळ्यांवर फुटलं. सरपंच म्हणाले, "तू शिकलेला हायस, तूच सांग बाबा."

मला माहीत नव्हतं का? वर्गात नुकतंच शिकलो होतो — पाला कुजतो, त्याची माती होते, झाडाचं अन्न झाडाला परत मिळतं. पावसाचा मारही आधी तोच झेलतो. आम्ही ते अन्नच जाळलं होतं. आणि मी बोललो काय? — "शेळ्यांनीच."

चाचांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. डोंगर त्यांना बंद झाला. बांधाबांधानं शेळ्या चारत, लोकांच्या शिव्या खात ते फिरले.

मी सुट्टी मिळाली की डोंगरावर राबलो. पाला झाडू दिला नाही, जाळू दिला नाही, उतारावर दगडांच्या ओळी लावल्या. बीएस्सी होऊन एमएस्सीला आलो तोवर डोंगर — काय सांगू! — पाल्याखाली माती काळी झाली, भर चैत्रात हाताला ओल लागली, गांडुळं सापडली. शेळीचं तोंड पोहोचणार नाही एवढी रोपं वाढली! गावानं मला शाल दिली. मी घेतली. चाचा टाळ्या वाजवत होते.

परवा सरपंचांना सांगितलं ते एवढंच — पाला मी जाळला, खोटं मी बोललो, सभेत तसंच सांगा.

काल आईचा फोन आला. "रात्रीच्या सभेनं डोंगर मोकळा केला बघ! चाचा सकाळीच शेळ्या घेऊन पार माथ्यावर गेले. जाताना दारात थांबून म्हणले, 'वहिनी, पोरगं तुमचं हुशार हाय... पण लई हळू शिकतं.'"