डायनॅमोचा लाल दिवा

काल मुलाने गाडी सुरू केली, तेव्हा बॅटरीचं लाल चिन्ह क्षणभर पेटून विझलं आणि मला शिवाजी पार्कजवळच्या एका बागेतला गवत कापायचा जुना, बुटका ट्रॅक्टर आठवला.

तेव्हा गिरणी बंद पडून आठ महिने झाले होते. तिथे वायरमन असलेले माझे यजमान लालबागच्या खोलीत नुसते बसून असत. अशात बागेच्या म्हाताऱ्या माळ्याने त्यांना त्या ट्रॅक्टरचा डायनॅमो दुरुस्त करायला बोलावलं. डबा घेऊन मी गेले, तर ह्यांनी मलाच सीटवर बसवलं. स्टार्टर गुरगुरला, इंजिन धडधडायला लागलं आणि ओल्या गवतात पेट्रोलचा वास मिसळला.

"दिवा विझला का गं?" ह्यांनी बॉनेटमागून विचारलं. डायनॅमोने बॅटरी भरायला घेतली की माझ्यासमोरचा लाल दिवा विझायला हवा होता. तो तसाच जळत होता. मी ह्यांचा घामेजलेला, आसुसलेला चेहरा पाहिला आणि म्हणाले, "विझला."

ते उठून आले. दिवा पाहिला. माळ्याला म्हणाले, "काका, अजून चार्ज होत नाहीय. उद्या परत येतो."

मला वाटलं होतं, मी त्यांना सांभाळून घेतलं. परतताना ते हळूच म्हणाले, "तूसुद्धा मला बिचारा समजायला लागलीस?" माझं ते खोटं त्यांना किती लागलं असेल, हे मला आत्ता ह्या वयात कळतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. संध्याकाळी जिन्यातूनच त्यांची हाक आली, "अगं, डायनॅमोतला कार्बन ब्रश अडकला होता! विझला दिवा!" सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.