पिंजऱ्यावरचं धोतर

आरमोरीजवळच्या आमच्या ढिवर मोहल्ल्यात धुवायला देण्याइतके कपडे कुणाकडेच नव्हते. माझी दोन पोलकी होती, एक अंगावर आणि एक दांडीवर. चैतात तळं आटत आलं की मासोळी संपायची आणि आम्ही आंबिलीवर दिवस काढायचो. अशा घराशी गावच्या वरठिणीचा, ठमाबाईचा, संबंध येण्याचं खरं तर कारण नव्हतं. पण बा जिथे जाळं टाकायचा त्याच्या समोरच्या काठाला तिचा धुण्याचा दगड होता. बा तिला मूठभर मासोळी द्यायचा, ती माझ्या फाटक्या पोलक्याला टाके घालून द्यायची.

ठमाबाईला अक्षर येत नव्हतं, पण ती कपडे वाचायची. कोणताही कपडा पाण्यात घालण्याआधी दोन्ही हातांनी उन्हात ताणून धरायची. कुणाकडे पाहुणे येऊन गेले, कुणाचा बाप खोकतो, कोण शेतावर जातो म्हणून सांगतो आणि मोहाच्या झाडाखाली झोपतो, सगळं तिला ठाऊक असायचं. "मानूस खोटं बोलते, कपडा नाई बोलत," असं ती म्हणायची. तिच्या तोंडभर देवीचे वण होते. त्याच साथीत तिचा एकुलता पोरगा गेला होता.

मी तेव्हा सातवीत होते. बाने जंगलातून ढोलीतलं पोपटाचं पिल्लू आणलं होतं, त्याचं नाव मंगू. बुरडाने विणलेला त्याचा बांबूचा पिंजरा माझ्या अंथरुणाशी, डाव्या हाताला, छपराच्या मयालीला, म्हणजे आडव्या लाकडाला, टांगलेला असायचा. मी पाढे म्हणायची आणि तो ऐकायचा. "बे दुने" इथपर्यंत शिकला होता, चार काही त्याच्या तोंडून निघत नव्हते.

परीक्षेला आठवडा उरला आणि मंगू गप्प झाला. दिवसभर अंग खाजवत, पिसं उपटत बसायचा. त्याच दिवसांत माझ्या मानेवर आणि डाव्या दंडावर लाल पुरळ उठलं. शेजारणींनी पाहिलं आणि हात जोडले. मातामाय आली, म्हणजे देवी निघाल्या, म्हणाल्या. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, फोडणी बंद झाली, कपडे धुणं बंद झालं. सातवीच्या परीक्षेला नदीपार ब्रह्मपुरीच्या केंद्रावर जायचं होतं. गुरुजींनी निरोप पाठवला की या पोरीला इतर मुलांबरोबर नेता येणार नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. बा म्हणाला, औंदा राहू दे, पुढल्या साली बस. पण पुढल्या साली मी सासरी असणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. स्थळ बघून ठेवलं होतं.

डहाळे लागल्यावर आमच्या उंबऱ्याच्या आत आली ती एकटी ठमाबाई. माय तिला अडवायला लागली तर म्हणाली, "मले येऊन गेली ना वो बाई. मातामाय एका पानावर दोनदा जेवत नाई."

तिने माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग अंगावरचं पोलकं काढायला लावलं आणि दारात नेऊन उन्हात धरलं. डाव्या खांद्याला आणि गळ्याला मोहरीहून बारीक लाल ठिपके होते. उजवी बाजू साफ. तिने आत येऊन माझं अंथरूण पाहिलं, मग मान वर करून पिंजरा पाहिला. मंगू कधीपासून खाजवून राह्यला एवढं मायला विचारलं आणि निघून गेली.

संध्याकाळी आली ती काखेत पांढरंशुभ्र धोतर घेऊन. ते तिने पिंजऱ्याभोवती गुंडाळलं आणि उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणाली. माझं अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात टाकायला लावलं. धोतर कुणाचं, मायने विचारलं. गुरुजींचं होतं. माय घाबरली.

"घाबरतं काऊन? धुवाले मीच आहो."

सकाळी तिने धोतर सोडलं. घड्यांमध्ये खसखशीएवढे लाल किडे चालत होते. तिने एक नखाने दाबला, तिथे रक्ताचा ठिपका उठला. पोलक्यावर होता तसाच.

"हे पाय तुमची मातामाय," ती मायला म्हणाली. "दिवसा बांबूच्या पेरात लपते, रात्री मिठूचं रगत पिते. पोट नाई भरलं तं पोरीचं पिते."

पुढचं मला वर्गातल्या मुलांनी सांगितलं. धोतर न धुता तसंच घेऊन ती शाळेत गेली आणि तिने ते गुरुजींच्या टेबलावर पसरलं. "गुरुजी, साक्षीले तुमचंच धोतर आनलं. आता पोरीले नाई म्हना." गुरुजींनी चष्मा लावून किडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, तीन दिवस ताप आला नाही आणि नवा डाग उठला नाही तर नेतो.

ठमाबाईने मंगूला बाहेर काढलं, पिंजरा उचलला आणि सरळ आपल्या कपडे उकळायच्या भट्टीत घातला. त्याला निंबाच्या पाण्याने धुऊन दुरडीखाली ओसरीत ठेवलं. आम्ही घर सारवलं, अंथरुणं उन्हात टाकली. पण भट्टीतला पिंजरा गावाने पाहिला होता. मातेच्या घरचा पिंजरा आमच्या कपड्यांत उकळला म्हणून दोन मोठ्या घरांनी तिला कपडे देणं बंद केलं. बा त्यांच्या दारी जाऊन हात जोडून आला, उपयोग झाला नाही. ती त्यालाच समजावत होती, "जाऊ दे ना भाऊ. दोन घरचा मळ कमी झाला."

ताप आला नाही. नवा डाग उठला नाही. चौथ्या दिवशी बाने आम्हा सगळ्यांना आपल्या डोंग्यातून वैनगंगेपार सोडलं. मी डोंग्यात पाय ठेवण्याआधी ठमाबाईने माझ्या पोलक्याचा गळा धरून उन्हात पाहिला. "साफ हाये. जा," म्हणाली.

मी नागपूरला कॉलेजात असताना ती गेली. पत्र उशिरा आलं, माती द्यायला मी पोचले नाही. त्या दोन घरांनी शेवटपर्यंत तिला कपडे दिले नाहीत. मी मास्तरीण झाले. वर्गात एखाद्या लेकराच्या अंगावर पुरळ दिसलं की अजूनही आधी कपाळाला हात लावते, मग सदऱ्याचा गळा उजेडात धरते, आणि घरी कोंबडी-पोपट काय पाळलंय ते विचारते.

त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातून परीक्षेला बसलेली मी एकटी मुलगी होते. सातवी पास झाले तसं बाने स्थळाला नाही म्हणून कळवलं. पुढे मॅट्रिक झाले, आणि मग बी.ए. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सही करत नव्हतं.